उसने भूत, घरचे भय

छत्रपती संभाजीनगरच्या साकेत प्रकाशनाच्या यादीवर नजर टाकली की एक मौज ध्यानात येते. ज्या घराने १९९० साली भालचंद्र नेमाडे यांचे ‘टीकास्वयंवर’ काढले, त्याच घराने नारायण धारप यांच्या भयकादंबऱ्या आणि कथासंग्रहही नव्या वेष्टनांत वाचकांपुढे आणले. पहिल्या पुस्तकाला १९९१ सालचा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला आणि मराठीच्या अभ्यासकाला ते टाळता येईनासे झाले. दुसऱ्या पुस्तकांना टाळण्यासाठी मात्र त्याच अभ्यासकाला कधी फारसे कष्ट पडले नाहीत. ती नसल्यासारखी वागवली की काम भागत असे. सिल्लोडसारख्या कापूस-मिरचीच्या बाजारपेठेच्या गावात मोठ्या शहरातला समीक्षाव्यवहार फारसा पोचत नाही, पण पुस्तके पोचतात. वाचनालयातल्या पुस्तकाची बांधणी किती सैल झाली आहे आणि पाने कुठे मळली आहेत, हा इथला परीक्षणाचा मुख्य प्रकार. या परीक्षणात धारप पन्नास वर्षे नापास झालेले नाहीत. हाच काय तो पुरावा असता तर प्रस्तावनेची गरज नव्हती. लोकप्रियता हे गुणवत्तेचे प्रमाणपत्र नव्हे, हे समीक्षकांचे म्हणणे खरे आहे. मात्र ती अपात्रतेचे प्रमाणपत्रही नव्हे. धारपांच्या बाबतीत ही दुसरी बाजू तपासायची राहून गेली आणि या पुस्तकाचे काम तिथून सुरू होते.

नारायण धारप यांचा जन्म २७ ऑगस्ट १९२५चा आणि मृत्यू १८ ऑगस्ट २००८चा. शंभराहून अधिक पुस्तके त्यांच्या नावावर आहेत. ‘लुचाई’, ‘शपथ’, ‘ग्रास’, ‘चेटकीण’, ‘४४० चंदनवाडी’, ‘चंद्रविलास’ ही त्यांच्या भयकादंबऱ्यांपैकी काही नावे, ‘अनोळखी दिशा’सारखे कथासंग्रह वेगळे, ‘समर्थ’ मालिका आणखी वेगळी, आणि ‘नेनचिम’, ‘ऐसी रत्ने मेळवीन’ यांसारखे विज्ञानकथालेखन ते निराळेच. एवढ्या मोठ्या ऐवजाची वासलात आपण तीन शब्दांत लावली: ‘मराठीचा स्टीफन किंग’. हे बिरुद चाहत्यांनी कौतुकाने दिले आणि टीकाकारांनी तेच आरोपासारखे वापरले. चाहत्याला त्यातून मोठेपणा ऐकू येतो, टीकाकाराला उसनवारी. दोघांनीही एक गोष्ट मात्र गृहीत धरली आहे की भय ही मुळात तिकडची वस्तू आणि धारप तिचे इकडचे विक्रेते. माझे म्हणणे नेमके याच्या उलट आहे. धारपांनी भुते उसनी घेतली हे नाकारण्यात अर्थ नाही. पण ती भुते मराठी घराच्या उंबरठ्याच्या आत आणताना त्यांच्या हातून जे घडले ते उसने नाही. त्यांचा वाङ्मयीन दर्जा ठरवायचा तर तो या फरकावर ठरवावा लागेल. तसे केले म्हणजे त्यांचे मोठेपण वाढेलच असे नाही. काही ठिकाणी ते कमीही होईल.

भय आपल्याकडे परके कधीच नव्हते. त्याची साक्ष काढायला सिल्लोडकराला जिल्ह्याबाहेर जावे लागत नाही. सोमदेवाच्या ‘कथासरित्सागरा’त प्रेत खांद्यावर घेऊन स्मशानातून चालणारा राजा त्रिविक्रमसेन हा गोदाकाठच्या प्रतिष्ठानचा, म्हणजे आपल्या पैठणचा. वेताळाच्या पंचवीसही कथांची चौकट या गावाच्या राजाभोवती उभी आहे. ज्या ‘बृहत्कथे’वरून सोमदेवाने हे सारे घेतले असे मानतात, तिच्या कर्त्याची, गुणाढ्याची, दंतकथाही सातवाहनाच्या दरबाराशी जोडलेली. पैशाची भाषेत, स्वतःच्या रक्ताने लिहिलेला ग्रंथ राजाने झिडकारला. गुणाढ्याने अरण्यात एकेक पान पशुपक्ष्यांना वाचून दाखवत आगीत टाकले. राजा शुद्धीवर आला तेव्हा सात लाखांपैकी एक लाख श्लोक उरले होते. पिशाच्चांच्या बोलीत लिहिले म्हणून पुस्तक दरबारातून परत आले, ही हकिकत इतकी जुनी आहे. आणि सिल्लोडहून जळगावच्या रस्त्याला लागले की येणाऱ्या अजिंठ्याच्या लेण्यांत, सतराव्या गुंफेत, सिंहल अवदानाचे भित्तिचित्र आहे, पाचव्या शतकातले. जहाज फुटलेल्या व्यापाऱ्यांना सुंदर स्त्रियांच्या रूपात घरात घेणाऱ्या आणि मग खाणाऱ्या राक्षसींची ती कथा. तिच्यातला खरा धसका बेटावर नाही. सिंहल सुटून घरी येतो, तरी एक राक्षसी त्याच्या मागोमाग त्याच्या गावात येते, राजाच्या मर्जीत बसते, महालात शिरते आणि आपल्या सख्यांना आत घेते. पुढे काय होते ते चित्रकाराने डोळे न मिटता रंगवले आहे. भय दूर देशात असते तोवर ते प्रवासवर्णन असते. मागून घरी आले की त्याची भयकथा होते. हे सूत्र अजिंठ्याच्या चिताऱ्याला ठाऊक होते, आणि त्या भिंतीला आजवर कोणी ‘केवळ रंजनपर’ म्हटलेले नाही. भरताने भयानकाला आठ रसांत जागा दिली, तीही बीभत्स आणि अद्भुत यांच्यापासून वेगळी काढून. तेव्हा आपल्या परंपरेत भय खालच्या पायरीवर होते, असे म्हणायला आधार नाही.

ते खाली गेले छापखान्यानंतर. एकोणिसाव्या शतकात मराठी गद्य सुधारणेच्या कामाला जुंपले गेले. जे लिहिले त्याचा समाजाला उपयोग काय, हा प्रश्न पहिल्या कादंबरीपासूनच उभा होता. नेमाड्यांनी मराठी कादंबरीच्या प्रवृत्ती सांगताना ‘यमुनापर्यटन’ (१८५७), ‘मुक्तामाला’ (१८६१) आणि ‘मोचनगड’ (१८७१) अशी तीन घराणी पाडली. त्यात विधवांचा प्रश्न हाती घेणारी पहिली वाट वास्तवाची आणि म्हणून मानाची. अद्भुतात रमणारी ‘मुक्तामाले’ची वाट रंजनाची आणि म्हणून संशयास्पद. वर्गीकरण म्हणून ही मांडणी फार उपयोगी आहे, आणि अद्भुताच्या नावाखाली मराठीत जे भाराभर लिहिले गेले त्यावर तिने ठेवलेला ठपका बहुतांशी योग्यच आहे. पण एखाद्या घराण्याचे नाव ठपक्यात गेले की त्या घराण्यात जन्मलेल्या कोणालाही वेगळे उभे करून पाहिले जात नाही. धारपांचे तेच झाले. कारकुनाच्या बिऱ्हाडातून सुरू होणाऱ्या त्यांच्या कथांत वास्तवाचा जेवढा तपशील आहे तेवढा राजकन्या आणि भुयारे यांच्यात रमलेल्या जुन्या अद्भुत कादंबऱ्यांत नव्हता. तरी त्यांना टाकले गेले त्याच ढिगात.

इथे ‘भय’ आणि ‘गूढ’ या दोन शब्दांची कमाई लक्षात घ्यावी. जी. ए. कुलकर्णी यांच्या कथांत माणसे ज्या अंधारात चालतात त्याला आपण गूढ म्हणतो आणि ‘काजळमाया’ला १९७३ सालचा साहित्य अकादमी पुरस्कार जाहीर होतो, जी.एं.नी तो परत केला, हा भाग वेगळा. रत्नाकर मतकरी यांच्या कथांना गूढकथा हेच नाव रूढ आहे. त्यांनी नाटक, बालरंगभूमी असा मोठा पसारा उभा केला, त्यामुळे त्यांच्या गूढकथाही दिवाणखान्यात बसू शकल्या. विज्ञानकथेची वाटचाल आणखी बोलकी आहे. जयंत नारळीकर यांच्यासारखा शास्त्रज्ञ तिच्या पाठीशी उभा राहिला आणि २०२१ साली नाशिकच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद एका विज्ञानकथाकाराकडे आले. याबद्दल आनंदच आहे. पण यावरून एवढे कळते की ‘जातिवंत वाङ्मय’ आणि ‘बाजारू वाङ्मय’ यांच्यातली भिंत समजली जाते तितकी पक्की नाही. प्रतिष्ठित माणूस हात धरायला आला तर ती ओलांडता येते. भयकथेचा हात कोणी धरला नाही. तिच्या वाट्याला प्राध्यापक आला नाही, वैज्ञानिक आला नाही, संमेलनही आले नाही. धारपांनी स्वतःही आपल्या लेखनाची बाजू मांडत व्यासपीठे गाजवली, असे झाले नाही. ते लिहीत राहिले.

आता उसनवारीचा आरोप, कारण तो सर्वांत वजनदार आहे. ‘लुचाई’चा आधार किंग यांची ‘सालेम्स लॉट’ (१९७५) आहे आणि ‘शपथ’चा ‘इट’ (१९८६). ‘आजी’ या कथेमागे किंग यांची ‘ग्रॅमा’ आहे. शंभरांपैकी नेमकी हीच नावे सर्वांत जास्त घेतली जातात, हे धारपांच्या कीर्तीचे दुखणे. याला एक सोपे उत्तर दिले जाते की खुद्द ‘सालेम्स लॉट’ ब्रॅम स्टोकरच्या ‘ड्रॅक्युला’च्या (१८९७) सावलीत लिहिलेली आहे आणि किंगने ते कधी लपवले नाही. उत्तर खरे आहे, पण अपुरे. प्रेरणा घेणे आणि कथानकाचा सांगाडा घेणे यांत अंतर आहे, आणि ते अंतर बुजवून धारपांची वकिली करू नये. दुसरे उत्तर जरा अधिक टिकते. मराठी रंगभूमीचा निम्मा वैभवकाळ रूपांतरांवर उभा आहे. आगरकरांचे ‘विकारविलसित’ ‘हॅम्लेट’वरून आले, देवलांचा ‘झुंझारराव’ ‘ऑथेल्लो’वरून आणि पु. लं.ची ‘ती फुलराणी’ शॉच्या ‘पिग्मॅलियन’वरून. मंजुळेच्या बोलीतले मराठीपण ऐकून आपण टाळ्या वाजवतो आणि शॉचे नाव त्या टाळ्यांच्या आड येत नाही. मग तोच न्याय कादंबरीला का नको? नको, कारण नाटकाच्या बाबतीत मूळ लेखकाचे नाव प्रेक्षकाला आधीच ठाऊक असते. तिथे कोणी फसत नाही. कादंबरीच्या बाबतीत ते पुस्तकाच्या सुरुवातीलाच ठळक छापलेले असले पाहिजे. धारपांच्या प्रत्येक आवृत्तीत, जिथे आधार निश्चित आहे तिथे, मूळ कृतीचे नाव यावे, ही मागणी त्यांच्या चाहत्यांनीच पुढे होऊन करायला हवी. ती केल्याने धारपांचे काहीही जाणार नाही. उलट वाचकाला तुलना करता येईल, आणि तुलनेतच त्यांचा फायदा आहे.

तुलना कशी करावी याचे एकच उदाहरण घेतो. ‘ग्रॅमा’मध्ये एक अकरा वर्षांचा मुलगा घरात मरणासन्न आजीजवळ एकटा राहतो. आजी साधी नाही, एवढे सांगून पुरे. पण त्या एकटेपणापर्यंत पोचण्यासाठी किंगला बरीच बांधाबांध करावी लागते. मुलाची आई दुसऱ्या राज्यातून आपल्या आईकडे राहायला का आली, शुश्रूषेची जबाबदारी बाकीच्या भावंडांतून तिच्यावरच कशी पडली, हे सगळे समजावून द्यावे लागते. अमेरिकन घरात आजीबरोबर राहणे ही खुलासा मागणारी घटना आहे. मराठी घरात उलट. तिथे आजी राहायला येत नाही. घरच तिचे असते, राहायला आलेले असतात बाकीचे. तिची खाट, तिचा डबा, तिचे न लागणारे डोळे, तिच्या हातचा खाऊ आणि तिने सांगितलेल्या गोष्टी, यांतून मराठी मूल भीती म्हणजे काय हे पहिल्यांदा शिकते आणि भीतीवरचा उतारा म्हणजे कुशी हेही तिथेच शिकते. ‘आजी’ हा शब्द शीर्षकात आला की कथा सुरू होण्याआधीच मराठी वाचकाच्या मनातले सर्वांत सुरक्षित ठिकाण पणाला लागलेले असते. शब्दकोशाच्या हिशेबाने भाषांतर एका शब्दाचे आहे. भयाच्या हिशेबाने कथेचा पाया बदलला आहे.

धारपांच्या पुस्तकांची नुसती नावे वाचली तरी हे जाणवते. ‘४४० चंदनवाडी’ हा पत्ता आहे, पोस्टमनला सांगावा तसा. ‘चंद्रविलास’ हे फाटकावर कोरलेले नाव. किंगचे भय लहान गावाचे असते. सगळे एकमेकांना ओळखतात आणि तरी कोणी कोणाला वाचवत नाही, हे अमेरिकन लहान गावातल्या जीवनाचे दुखणे त्याने पकडले. मराठी मध्यमवर्गाचे दुखणे गावाचे नव्हते, घराचे होते. भाड्याची खोली, वाटणीत आलेला वाडा, दूरच्या काकांनी मरताना नावावर केलेली वास्तू, स्वस्तात मिळाली म्हणून घेतलेली बंगली. पानशेतचे धरण १९६१ साली फुटले, पुण्यात वाडे पडले, मग वाड्यांच्या जागी सदनिका आल्या. जागा हा त्या पिढीच्या आयुष्यातला सर्वांत मोठा व्यवहार होता. जागेत आधी कोण राहत होते, सातबाऱ्यावर नाव कोणाचे, भाऊबंदकीत कोणाचा तळतळाट लागला, हे प्रश्न कोर्टात जितके खरे होते तितकेच रात्री दिवा मालवल्यावरही खरे होते. धारपांनी भुताला जागेच्या कागदपत्रांतून आत घेतले. त्यांच्या ज्या कथा आजही अंगावर येतात त्यांत भुताइतकेच भय मालकीचे आहे: आपण ज्याला आपले म्हणतो ते खरेच आपले आहे का. हा प्रश्न किंगकडून आलेला नाही.

‘तुंबाड’ या चित्रपटाचा प्रवास या बाबतीत फार शिकवतो. दिग्दर्शक राही अनिल बर्वे यांनी सांगितले आहे की नागझिऱ्याच्या अभयारण्यात १९९३ साली एका मित्राने त्यांना धारपांची एक कथा सांगितली आणि ती मनात घर करून राहिली. ती कथा म्हणजे ‘आजी’. चित्रपटाला नाव मिळाले श्री. ना. पेंडसे यांच्या ‘तुंबाडचे खोत’वरून, त्यात भर पडली कोकणातल्या पावसाची, वाड्याची, सोन्याच्या हव्यासाची आणि हस्तर नावाच्या, पुराणात न सापडणाऱ्या दैवताची. चित्रपट २०१८च्या ऑक्टोबरात आला, तेव्हा बेताचाच चालला. सप्टेंबर २०२४मध्ये पुन्हा लावला तेव्हा पहिल्या खेपेपेक्षा जास्त गल्ला जमला. अमेरिकेतल्या मेन राज्यातल्या एका लेखकाची कथा पुण्यातल्या लेखकाने मराठीत आणली, ती पुस्तकातून सुटून शेकोटीच्या गप्पांत गेली, तिथून ऐकणाऱ्याच्या डोक्यात वाढली आणि पंचवीस वर्षांनी ओळखू न येण्याजोगी होऊन पडद्यावर आली. लोककथा नेमकी अशीच फिरते. तिला मूळ मालक विचारता येतो, पण तिचा जीव सांगणाऱ्याच्या ओठांवर असतो. वाचून झाल्यावर सांगावीशी वाटणे आणि सांगताना न विस्कटणे हा कथेच्या बांधणीचा गुण आहे. नागझिऱ्यात त्या मित्राच्या हातात पुस्तक असायची गरज पडली नाही, याचे श्रेय धारपांना द्यायला कोणाची हरकत असू नये. असे असूनही ‘तुंबाड’नंतर धारपांबद्दल जो उमाळा दाटून आला त्याच्याकडे मी जरा संशयानेच पाहतो. सिनेमाने मोठे केले म्हणून पुस्तक मोठे, ही परीक्षा पुरस्काराच्या परीक्षेइतकीच उथळ आहे.

‘त्यांना शैली नाही’ हा पुढचा आक्षेप. इथे आक्षेपक अर्धे बरोबर आहेत. धारपांचे गद्य सपाट आहे. त्यात प्रतिमा कमी, नादमाधुर्य जवळपास नाही. पण हा सपाटपणा हिशेबनीसाचा आहे. किती वाजता निघालो, कुठली गाडी, सोबत कोण, खोलीला खिडक्या किती, दिवा कुठे होता. ज्याने आयुष्यात कधी अतिशयोक्ती केली नसेल असे वाटणारा माणूस आपल्याशी बोलतो, आणि म्हणून जेव्हा तो सांगतो की जिन्यावर आणखी कोणी होते, तेव्हा आपण खांद्यावरून मागे पाहतो. ‘समर्थ’ मालिकेतल्या कथा सांगणाऱ्या अप्पा जोशींची योजना याच कामासाठी आहे. इंग्रजीत अल्जरनॉन ब्लॅकवुडचा जॉन सायलेन्स आणि विल्यम होप हॉजसनचा कार्नाकी हे विसाव्या शतकाच्या आरंभीच अवतरलेले भूतशोधक. समर्थ त्यांच्या कुळातले. पण नाव बघा. जालना जिल्ह्यातल्या जांब गावच्या रामदासांनी महाराष्ट्राच्या तोंडी दिलेला हा शब्द धारपांनी नायकाला दिला, आणि मालिकेतल्या एका पुस्तकाचे शीर्षक, ‘समर्थाचिया सेवका’, थेट मनाच्या श्लोकांतून उचलले. तिन्हीसांजेला भीमरूपी म्हणणाऱ्या घरात या नावाला वेगळी ओळख करून द्यावी लागत नव्हती. हिशेबनीसाचा सूर मात्र धारपांना शेवटपर्यंत सांभाळता येत नाही. भूत समोर आले की त्यांची भाषा विशेषणांच्या आधाराला धावते: अभद्र, अमंगळ, ओंगळ, हिडीस, अमानवी. एच. पी. लव्हक्राफ्टलाही हाच रोग होता. जे दाखवता आले असते ते विशेषणाने झाकले की वाचक घाबरत नाही, फक्त लेखक घाबरला आहे एवढे त्याला कळते.

या विशेषणांकडे आणखी बारकाईने पाहावे लागते, आणि तिथे माझी धारपांशी खरी तक्रार सुरू होते. अमंगळ, ओंगळ, अभद्र हे शब्द भयाचे नाहीत, विटाळाचे आहेत. सोवळ्या-ओवळ्याच्या व्यवहारातून ते आले आणि त्यांच्यासोबत शुद्ध-अशुद्धाची एक जुनी उतरंडही आली. धारपांच्या जगात दुष्ट शक्ती बहुधा बाहेरून, खालून, घाणीतून, अंधाऱ्या वस्तीतून येते आणि तिचा नाश मंत्राने, साधनेने, शुचितेने होतो. नोकरदार पांढरपेशा घराची घडी विस्कटली की भय सुरू होते आणि घडी बसली की संपते. ज्याच्या आयुष्याला अशी घडीच नाही, त्याचे भय या लेखनात कुठे आहे? त्यासाठी अण्णा भाऊ साठे यांची ‘स्मशानातील सोनं’ वाचावी. भीमा पोटासाठी मढी उकरून सोने काढतो, कोल्ह्यांशी झुंजतो आणि प्रेताच्या जबड्यात त्याची बोटे अडकतात. मराठीतल्या अत्यंत भयंकर प्रसंगांपैकी तो एक आहे, आणि त्यात भूत नाही. स्मशानाला घाबरणे ही ज्याला परवडते अशा माणसाची गोष्ट धारप लिहितात. ज्याला परवडत नाही त्याची अण्णा भाऊ. दोन्ही कथा एका पुस्तकात छापल्या तर मराठी भयाचा नकाशा बराच पुरा होईल. मात्र या मर्यादेवरून धारपांना रद्द करण्याचेही कारण नाही. एका वर्गाची भीती त्यांनी त्या वर्गाच्या शब्दांत इतकी जशीच्या तशी उतरवली की आज ती त्या वर्गाविरुद्ध पुरावा म्हणून वाचता येते. लेखकाला हे अभिप्रेत नसेल. साहित्याचे बरेचसे काम लेखकाच्या अभिप्रायाबाहेरच चालते.

अंधश्रद्धेचा आक्षेप महाराष्ट्रात हलक्याने घेता येत नाही. नरेंद्र दाभोलकरांचा २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात खून झाल्यानंतर ज्या राज्यात जादूटोणाविरोधी कायदा आला, जिथे आजही एखाद्या पाड्यावर बाईला डाकीण ठरवले जाते, तिथे ‘चेटकीण’ नावाच्या कादंबरीचे कौतुक करताना जीभ चाचरलीच पाहिजे. सामान्य उत्तर असे की कथेतले भय हा लेखक-वाचकांतला करार आहे. भोंदूबाबा हा करार न सांगता मोडतो आणि वर पैसे घेतो. कायद्याचा रोखही फसवणूक आणि छळ यांच्यावर आहे, कल्पितावर नाही. हे उत्तर मला बऱ्याच अंशी पटते, पण समर्थांपुढे ते लंगडे पडते. कारण समर्थांच्या कथांत भय हे कल्पित असले तरी उपाय मात्र ओळखीचा आहे: ज्ञानी, निःस्वार्थी, सर्व जाणणारा पुरुष येतो आणि आपण त्याच्यावर भार टाकून मोकळे होतो. ही सवय पुस्तक मिटल्यावर मिटत नाही. त्यामुळे समर्थकथा धारपांच्या सर्वांत लाडक्या असल्या तरी सर्वांत कच्च्या आहेत, असे माझे मत आहे. समर्थ आले की कथेचा निकाल लागलेला असतो. उरते फक्त त्याची अंमलबजावणी. उलट ‘शपथ’मध्ये, तिचा सांगाडा कोणाचाही असो, बळ कोण्या सिद्धपुरुषाकडून येत नाही. लहानपणी एकमेकांना दिलेल्या शब्दातून ते येते, आणि तो शब्द मोठेपणी पाळणे किती कठीण असते यावर कादंबरी उभी आहे. तारणारा बाबा नसलेले धारप हे असलेल्या धारपांपेक्षा मोठे लेखक आहेत.

शेवटी संख्येचा प्रश्न. शंभरावर पुस्तके लिहिणारा माणूस घाईत लिहितो, स्वतःला पुन्हा पुन्हा वापरतो, आणि धारपांनी दोन्ही केले. त्यातली कितीतरी पुस्तके पुन्हा उघडली नाहीत तरी चालतील. पण लव्हक्राफ्टचे उदाहरण इथे आठवावे. एडमंड विल्सनसारख्या दबदबा असलेल्या समीक्षकाने १९४५ साली त्याची यथेच्छ टर उडवली. पुढे विल्सनच्याच कल्पनेतून अभिजात अमेरिकन लेखकांची ‘लायब्ररी ऑफ अमेरिका’ ही ग्रंथमाला जन्मली, आणि २००५ साली त्या मालेत लव्हक्राफ्टच्या निवडक कथांचा खंड निघाला. २००३ साली किंगला अमेरिकेच्या नॅशनल बुक फाउंडेशनचे पदक मिळाले तेव्हा हॅरल्ड ब्लूमने जाहीर संताप व्यक्त केला होता. तो वाद विरला. किंगच्या कोणत्या कादंबऱ्या टिकतील याची चर्चा मात्र चालू राहिली, आणि तीच कामाची होती. आपल्याकडे धारपांच्या बाबतीत ना नीट टर उडवली गेली ना नीट निवड झाली. ‘अनोळखी दिशा’ आणि ‘ग्रहण’ यांच्या दूरचित्रवाणी मालिका झाल्या, आवृत्त्या निघत राहिल्या, पण कोणते पुस्तक प्रथम कोणत्या वर्षी आले, कथा आधी कोणत्या मासिकात होती, पाठ कुठे बदलला, आधार कोणता, हे एका जागी मांडणारी सूची वाचकाच्या हाती नाही. अशा सूचीसाठी प्रतिभा लागत नाही. चिकाटी आणि जुनी वाचनालये लागतात. ती वाचनालये तालुक्याच्या गावांत अजून आहेत आणि त्यांच्या मागच्या कपाटांत पहिल्या आवृत्त्या तग धरून असण्याची शक्यता पुण्या-मुंबईपेक्षा इकडे जास्त आहे, कारण इकडे रद्दी लवकर निघत नाही.

ज्यांनी धारप अजून वाचलेच नाहीत त्यांनी कादंबऱ्यांपासून सुरुवात करू नये आणि समर्थांपासून तर नकोच. लघुकथा आधी घ्याव्यात. तिथे लेखकाला विशेषणांना जागा नसते आणि उपाय सांगायला वेळ नसतो. मग एखादी घराच्या नावाची कादंबरी, आणि त्यानंतर ‘शपथ’. ‘आजी’ मिळाली तर ती सर्वांआधी. ‘ग्रॅमा’ मात्र आधी वाचू नये. ती नंतर, शेजारी ठेवून, दिवसाउजेडी वाचावी.

सिल्लोड